सोरॉरिटीच्या उंबरठ्यावर २.६५ : एका विद्यार्थिनीचे प्रकरण

पार्श्वभूमी

अमेरिकेच्या मिडवेस्ट भागातील एका मोठ्या राज्य विद्यापीठात मी शैक्षणिक सल्लागार म्हणून काम करते. पुढील प्रकरण माझ्याकडे येणाऱ्या एका विद्यार्थिनीचे असून ते तिच्या संमतीने लिहिले आहे. तिची ओळख पटेल असे तपशील गाळले आहेत. गुणांचे आकडे मात्र ठेवले आहेत, कारण ते काढले तर प्रकरणात सांगण्यासारखे फारसे काही उरत नाही.

विद्यार्थिनीचा जन्म अमेरिकेतला, आईवडील महाराष्ट्रातून आलेले, घरात बोलणे मराठीतले. वैद्यकीय शिक्षणाकडे जाण्याच्या उद्देशाने तिने पहिल्या वर्षी रसायनशास्त्र, कॅल्क्युलस आणि जीवशास्त्र हे विषय घेतले होते. वसतिगृहातली तिची खोलीसोबतीण त्याच वर्षी एका सोरॉरिटीत दाखल झाली आणि दुसऱ्या वर्षापासून त्या सोरॉरिटीच्या घरात राहायला जाणार होती. आपली विद्यार्थिनी वर्षभर तिच्यामागोमाग तिथल्या कार्यक्रमांना जात राहिली आणि मे महिन्यात तिने ठरवले की आपणही दाखल व्हायचे.

भारतातील वाचकांसाठी थोडा खुलासा आवश्यक आहे. सोरॉरिटी म्हणजे नुसते वसतिगृह नव्हे आणि नुसते मित्रमंडळही नव्हे. ग्रीक अक्षरांची नावे धारण करणारी, देशभर शाखा असलेली, दीक्षाविधी, वर्गणी, समाजकार्य आणि माजी सदस्यांचे जाळे असलेली ती विद्यार्थिनींची संघटना असते. ‘सोरॉरिटी’ हा शब्द १८८२ साली सिराक्यूज येथील लॅटिनच्या एका प्राध्यापकांनी गॅमा फाय बीटा या संघटनेसाठी सुचवला. त्यापूर्वी अशा अनेक संघटना मुलींच्या असूनही स्वतःला ‘फ्रॅटर्निटी’च, म्हणजे बंधुसंघच, म्हणवत असत. १९०२ साली स्थापन झालेल्या नॅशनल पॅनहेलेनिक कॉन्फरन्समध्ये आज अशा २६ राष्ट्रीय संघटना आहेत. त्यांच्या विद्यापीठातील शाखेला चॅप्टर म्हणतात. नव्या सदस्यांची मोठी निवड वर्षातून एकदा, अनेक ठिकाणी ऑगस्ट-सप्टेंबरमध्ये, होते. तिचे औपचारिक नाव रिक्रूटमेंट असले तरी मुली तिला अजूनही ‘रश’ म्हणतात.

वडिलांचा प्रारंभी या सगळ्याला विरोध होता. ‘पार्ट्या करणाऱ्या मुलींची टोळी’ एवढीच त्यांची कल्पना होती. प्रवेशासाठी किमान गुणांची अट असते हे कळल्यावर त्यांचा सूर एकाएकी मवाळ झाला. गुण मागतात, म्हणजे संस्था बरी असली पाहिजे, असा त्यांचा हिशेब. मराठी घरातील हा विचार मला इतका ओळखीचा होता की मला हसू आवरले नाही; पण नेमके तेच गुण त्यांच्या मुलीकडे नव्हते आणि हे त्यांना ठाऊक नव्हते.

अडचण

अमेरिकेतील जीपीए, म्हणजे श्रेणींची सरासरी, चारपैकी मोजतात. ए म्हणजे ४.०, बी प्लस ३.३, बी ३.०, बी मायनस २.७, सी प्लस २.३, सी २.०, प्रत्येक श्रेणीला विषयाच्या क्रेडिटने गुणायचे आणि बेरजेला एकूण क्रेडिटने भागायचे. या विद्यार्थिनीला पहिल्या सत्रात १५ क्रेडिटला ४०.१ आणि दुसऱ्या सत्रात १४ क्रेडिटला ३६.८ गुणांक मिळाले होते. दोन्ही मिळून २९ क्रेडिटला ७६.९, म्हणजे २.६५. इंग्रजी, मानसशास्त्र आणि समाजशास्त्र यांत तिच्या श्रेणी चांगल्या होत्या. चार क्रेडिटच्या कॅल्क्युलसमधील सी आणि रसायनशास्त्रातील सी प्लस व सी यांनी सरासरी खाली ओढली होती.

२.६५ ही संख्या पुरेशी आहे की नाही, या प्रश्नाला एकच उत्तर नसते, आणि माझी पहिली चूक इथेच झाली. रिक्रूटमेंटसाठी नाव नोंदवण्याची आमच्या विद्यापीठाची किमान अट २.५ आहे. मे महिन्याच्या अखेरीस तिने विचारले तेव्हा मी ती अट पाहिली आणि ‘तुझे चालेल’ असे सांगून टाकले. वस्तुतः अटींचे थर असतात. विद्यापीठाची अट फक्त दारात पाऊल ठेवू देते. त्यावर राष्ट्रीय संघटनेची किमान अट असते, त्यावर चॅप्टर स्वतःची आणखी वरची अट लावू शकते, आणि सर्वांत वर त्या वर्षीचा चॅप्टरचा व्यवहार असतो, जो कुठेही लिहिलेला नसतो. आमच्या आवारातील कॉन्फरन्सच्या नऊ चॅप्टरांपैकी दोघांची अट २.६ होती, दोघांची २.७, तिघांची २.८ आणि उरलेल्या दोघांची ३.०. तिच्या खोलीसोबतिणीचे चॅप्टर ३.० वाल्यांपैकी होते.

अटीपेक्षा कमी सरासरी असलेल्या मुलीला घेता येतच नाही असे मात्र नाही. काही संघटना अशा मोजक्या मुलींना ‘ग्रेड रिस्क’ म्हणून घेण्याची मुभा चॅप्टरला देतात. परंतु चॅप्टरची एकूण शैक्षणिक सरासरी विद्यापीठात मोजली आणि जाहीर केली जाते, म्हणून अशा एखाद-दुसऱ्या जागा बहुधा आधीपासून चांगल्या ओळखीच्या मुलींवर खर्च होतात. शिवाय पहिल्या वर्षाच्या मुलीचे शाळेतले गुण पाहिले जातात, तर दुसऱ्या वर्षाच्या मुलीचे महाविद्यालयातले. हीच विद्यार्थिनी एक वर्ष आधी आली असती तर शाळेच्या ३.६ वर सहज आत गेली असती.

समोर असलेले पर्याय

पहिला पर्याय ऑगस्टमध्ये आहे त्या सरासरीवर रिक्रूटमेंटला उतरण्याचा होता. तिचा यावर भर होता, कारण प्रत्यक्ष बोलल्यावर समोरच्यांना आपण आवडू आणि मग आकडा मागे पडेल, असे तिला वाटत होते. या समजुतीत अर्धे सत्य होते. पहिल्या फेरीत तिच्याशी गप्पा मारणाऱ्या मुलींना तिची सरासरी बहुधा ठाऊकच नसते. ती पाहणारी व्यक्ती वेगळी असते आणि नाव गळते ते संगणकावर.

दुसरा पर्याय उन्हाळ्यात सरासरी वर नेण्याचा होता. एखादा तीन क्रेडिटचा विषय घेऊन त्यात ए मिळवला असता तर ३२ क्रेडिटला ८८.९, म्हणजे २.७८ झाले असते. कॅल्क्युलस पुन्हा देऊन जुनी श्रेणी बदलून घेण्याचाही विचार झाला. पण आमच्याकडे ही सवलत सीपेक्षा खालच्या श्रेणीलाच मिळते. तिचा सी तिच्या मुळावर आला होता आणि तरीही तो पुरेसा वाईट नव्हता.

तिसरा पर्याय थांबण्याचा. मोठ्या निवडीनंतर ज्या चॅप्टरांत जागा शिल्लक राहतात ती वर्षभर, विशेषतः जानेवारीनंतर, अनौपचारिक पद्धतीने मुली घेऊ शकतात. याला ‘कंटिन्यूअस ओपन बिडिंग’ म्हणतात. तोवर तिच्याकडे आणखी एका सत्राचे गुण आले असते. १५ क्रेडिट धरून मी हिशेब केला: एकूण २.८ साठी त्या सत्रात सुमारे ३.०९ हवे होते, ३.० साठी ३.६७. पहिले कष्टाने जमण्यासारखे होते, दुसरे रसायनशास्त्राच्या वाटेवर असताना जवळपास अशक्य. म्हणजे खोलीसोबतिणीचे चॅप्टर त्या वर्षापुरते हातचे गेलेच होते. हे तिला स्पष्ट शब्दांत सांगायला मी जुलै उजाडू दिला.

चौथा पर्याय दक्षिण आशियाई सोरॉरिटीचा. १९९८ साली ह्यूस्टन विद्यापीठात डेल्टा फाय ओमेगा आणि ऑस्टिनच्या टेक्सास विद्यापीठात कप्पा फाय गॅमा या संघटना सुरू झाल्या, आणि तेव्हापासून अशा संघटना अनेक आवारांत पसरल्या आहेत. आमच्या आवारातील अशा एका चॅप्टरची अट २.५ होती. आईला हा पर्याय मनापासून पटला होता. मुलीने तो ज्या कारणाने नाकारला ते मला विचारात घेण्यासारखे वाटले. घरी मराठी, रविवारी मंडळ, वर्गात भारतीय मैत्रिणी. निदान एका ठिकाणी आपण कुठून आलो हे सांगत बसावे लागू नये, असे ती म्हणाली. त्यावर मी तिला एवढेच म्हटले की नाकारायचे तर जरूर नाकार, पण कमी गुणवाल्यांची जागा समजून तिकडे जाऊ नकोस आणि तसे समजून नाकारूही नकोस.

सोरॉरिटीचा नाद सोडून देणे हाही एक पर्याय होता. वर्गणीच प्रत्येक सत्राला काही शे डॉलर होती आणि कुटुंब फार सधन नव्हते. परंतु या पर्यायावर कोणी पाच मिनिटेही बोलले नाही, मीसुद्धा.

प्रत्यक्षात काय घडले

जूनमध्ये, मला न विचारता, तिने घराजवळच्या कम्युनिटी कॉलेजात तीन क्रेडिटचा एक विषय घेतला. शुल्क आमच्या विद्यापीठाच्या मानाने फारच कमी होते, आणि ‘ए तर ए, कुठून आला काय फरक पडतो’ असे वडिलांचे म्हणणे पडले. तिने ए मिळवला. जुलैच्या अखेरीस ती आनंदात माझ्याकडे आली आणि नवी सरासरी किती झाली ते विचारू लागली. सरासरी २.६५ च होती. बाहेरच्या महाविद्यालयातील क्रेडिट आमच्याकडे जमा होतात, श्रेणी होत नाही. अमेरिकेतील बहुसंख्य विद्यापीठांत हाच नियम असतो आणि सल्लागारांना तो इतका पाठ असतो की आम्ही तो कोणाला सांगत नाही. त्या दिवशी ती माझ्या समोरच्या खुर्चीत बराच वेळ गप्प बसून राहिली.

त्याच आठवड्यात वडिलांचा फोन आला. माझा नंबर त्यांना मंडळातून मिळाला होता. ‘ताई, बाकी काही नको, पोरीचे मार्क तेवढे सांगा,’ असे त्यांनी अगदी घरच्या माणसाला विचारावे तसे विचारले. विद्यार्थ्यांच्या शैक्षणिक नोंदींची गोपनीयता राखणाऱ्या १९७४ च्या फेर्पा कायद्यानुसार महाविद्यालयीन विद्यार्थ्याच्या नोंदींचा हक्क विद्यार्थ्याचा असतो. कायद्याला काही अपवाद आहेत, उदाहरणार्थ करासाठी पालकांवर अवलंबून असलेला विद्यार्थी, पण केवळ शुल्क पालकांनी भरले म्हणून तिच्या लेखी संमतीविना मी काही सांगू शकत नव्हते, आणि तसे मी त्यांना म्हणाले. ते दुखावले. दुसऱ्या दिवशी मी विद्यार्थिनीला फोनविषयी सांगितले आणि घरी काय बोलायचे ते तिनेच ठरवावे असे सुचवले. तिने त्या रात्री आईला आकडा सांगितला. वडिलांना सांगायला आणखी तीन आठवडे गेले.

ऑगस्टमध्ये तिने रिक्रूटमेंटसाठी नाव नोंदवले, परत न मिळणारे नोंदणी शुल्क भरले आणि चॅप्टरांना आपले गुण दाखवण्याच्या संमतीपत्रावर सही केली. पहिल्या फेरीत सगळ्या मुली सगळ्या नऊ घरांना भेट देतात. तिला ते दोन दिवस फार छान गेले. दुसऱ्या फेरीच्या सकाळी तिच्या यादीत दोनच नावे होती, २.६ अट असलेली. काही घरे तिथल्या मुलींना ती आवडली नाही म्हणून गळाली असतील आणि काही गुणांमुळे, पण यादीत कारण लिहिलेले नसते, आणि नेमक्या या मुक्या यादीने मुली खचतात. तिने दोन्ही घरांना पुन्हा भेट दिली. तिसऱ्या फेरीत एकच उरले.

या प्रकरणातला सर्वांत महत्त्वाचा निर्णय तिथे आला. शेवटच्या, ‘प्रेफरन्स’ फेरीनंतर मुलीने एका करारावर सही करायची असते आणि कोणती घरे स्वीकारू ते क्रमाने लिहायचे असते. सही करून त्यात लिहिलेल्या चॅप्टरचे निमंत्रण, म्हणजे ‘बिड’, आले आणि मग ते नाकारले, तर पुढच्या वर्षीच्या मोठ्या निवडीपर्यंत त्या आवारातील कॉन्फरन्सच्या अन्य कोणत्याही चॅप्टरमध्ये तिला जाता येत नाही. सही न करता माघार घेतली तर जानेवारीचा मार्ग खुला राहतो. उरलेल्या एका घराविषयी तिचे म्हणणे होते की मुली चांगल्या आहेत, पण तिथे आपण पाहुण्यासारखे बसून होतो. निवड चालू असताना निःपक्ष राहण्यासाठी स्वतःच्या चॅप्टरपासून दूर ठेवलेली एक वरिष्ठ विद्यार्थिनी प्रत्येक गटाला मार्गदर्शक असते. तिने ‘शेवटपर्यंत जा, प्रक्रियेवर विश्वास ठेव’ असा सल्ला दिला, जो त्या काळात सगळ्यांनाच दिला जातो. मी सल्ला देण्याचे टाळले. करार तिच्याकडून मोठ्याने वाचून घेतला आणि एकच विचारले, की मंगळवारी बिड आले आणि बाकी कुठलेच घर कधी मिळणार नाही असे ठरले, तर तुला बरे वाटेल की वाईट? तिने त्या संध्याकाळी माघार घेतली.

त्या सत्रासाठी तिने १६ क्रेडिट घेतले होते, त्यांतले चार सेंद्रिय रसायनशास्त्राचे. ऑक्टोबरमधील पहिल्या दोन परीक्षांत तिथे ती डीच्या आसपास होती, उरलेल्या चार विषयांत मात्र छान चालले होते. विषय सोडण्याची शेवटची तारीख जवळ आली. सोडला तर प्रगतिपत्रकावर डब्ल्यू, म्हणजे विषय सोडल्याची खूण, दिसेल, तो सरासरीत धरला जाणार नाही, आणि १२ क्रेडिट उरतील, म्हणजे पूर्णवेळ विद्यार्थिनीचा दर्जा जेमतेम टिकेल. ठेवून मेहनतीने सीपर्यंत नेला तरी अंतिम सरासरी २.८ च्या किंचित खाली राहील असे आकडे सांगत होते.

मला इथे खरी अस्वस्थता वाटली. सोरॉरिटीसाठी विषय सोडण्यात मी मदत करत आहे का, असा प्रश्न माझ्यापुढे होता. म्हणून मी तिला सोरॉरिटी बाजूला ठेवून एका कागदावर उत्तर लिहायला सांगितले: केवळ वैद्यकीय शिक्षणाचा विचार केला तर हा विषय आत्ता ठेवशील का? तिने लिहिले की आपल्याला वैद्यकीय शिक्षण नको असावे असे वर्षभर वाटते आहे आणि हे अजून कोणालाच सांगितलेले नाही. त्या सत्रात तिला सर्वांत जास्त रस होता तो सार्वजनिक आरोग्याच्या प्राथमिक अभ्यासक्रमात. डब्ल्यूच्या अर्जावर तिने त्यानंतर दोन दिवसांनी सही केली. दोन्ही कारणे एकत्र आली हे ती नाकारत नाही, मीही नाकारणार नाही.

परिणाम

डिसेंबरमध्ये १२ क्रेडिटवर तिला एक ए मायनस, दोन बी प्लस आणि एक बी मिळाला. सत्राची सरासरी ३.३२ आणि एकूण ४१ क्रेडिटला ११६.८, म्हणजे २.८५. सेंद्रिय रसायनशास्त्रात सी घेऊन ती थांबली असती तर २.७७ वर अडकली असती. जानेवारीत २.८ अट असलेल्या तिघांपैकी एका चॅप्टरमध्ये जागा होत्या. यावेळी ना घोषणा होत्या ना रांगा. दोन वेळा कॉफी, एकदा जेवण, आणि आठवड्याभरात बिड आले. नवसदस्यत्वाचा काळ संपल्यावर वसंत ऋतूत तिची दीक्षा झाली. चॅप्टरने तिला दर आठवड्याला ठरावीक तास ग्रंथालयात नोंद करून बसण्याची अट घातली होती. सत्राअखेर एकूण सरासरी २.८८ झाली.

कम्युनिटी कॉलेजातील ज्या तीन क्रेडिटनी सरासरीला काहीच दिले नव्हते, त्यांनी ऑक्टोबरमध्ये सोडलेल्या चार क्रेडिटची बहुतांश भरपाई केली आणि पदवीचे वेळापत्रक फारसे ढळले नाही. ते शुल्क वाया गेले असे वडील आजही म्हणतात.

सोरॉरिटीमुळे तिचा अभ्यास सुधारला असे मला म्हणता येत नाही. सरासरी सुधारली ती दाखल होण्याआधीच्या सत्रात, आणि त्यात अवघड विषय सोडल्याचा वाटा मोठा होता. खोलीसोबतिणीशी मैत्री टिकली, पण दोघी वेगवेगळ्या घरांत आहेत, आणि ज्या कारणाने हे सारे सुरू झाले ते कारण मध्येच कुठेतरी गळून पडले.

वेगळे काय करता आले असते

मे महिन्यात ‘चालेल’ म्हणण्याऐवजी मी नऊ चॅप्टरांच्या अटी एका कागदावर लिहून दिल्या असत्या, तर उन्हाळ्याचा निर्णय बहुधा बदलला असता. आमच्याच विद्यापीठातील तीन क्रेडिटच्या एका विषयाने २.७८ झाले असते, त्याने २.८ चे दार उघडले नसते, पण ऑगस्टच्या यादीत दोन घरे अधिक राहू शकली असती. दोन विषयांनी, ए आणि ए मायनस धरून, २.८६ होऊन तिला थांबावेच लागले नसते. अर्थात त्यासाठी खर्च कितीतरी पट झाला असता, आणि तो कुटुंबाने करावा असे मी छातीठोकपणे सांगितले असते का, याची मला खात्री नाही.

ऑगस्टमधील रिक्रूटमेंट पूर्ण टाळायला हवी होती का, यावर आमच्या कार्यालयात दोन मते आहेत. एका सहकाऱ्याच्या मते ती फेरी म्हणजे शुल्क देऊन विकत घेतलेली निराशा होती. माझे मत थोडे वेगळे आहे, कारण जानेवारीत ज्या चॅप्टरने तिला बोलावले तिथल्या दोघींना ती ऑगस्टपासून आठवत होती. पण पहिल्या फेरीनंतर यादी गुणांमुळे आखडणार, हे तिला आधी सांगितलेले असते तर ती सकाळ इतकी कडू झाली नसती.

दक्षिण आशियाई चॅप्टरच्या एकाही कार्यक्रमाला ती गेली नाही, ही उणीव मला राहून राहून जाणवते. न पाहता नाकारलेल्या पर्यायाला तोलून पाहिलेला पर्याय म्हणणे कठीण आहे. मी तिला एकदा तरी जाऊन ये असे म्हणायला हवे होते. तिच्या नकाराचे कारण इतके नीट मांडलेले होते की मी तिथेच थांबले.

वडिलांच्या फोनवर मी दुसरे काही करू शकत नव्हते. तरीही विद्यार्थिनीच्या संमतीने तिघांनी एकत्र बसण्याचा प्रस्ताव मी त्याच आठवड्यात मांडू शकले असते, आणि वैद्यकीय शिक्षणाविषयीचे तिचे मन कदाचित ऑक्टोबरऐवजी ऑगस्टमध्येच उघड झाले असते. वडिलांना ते तिने अद्याप सांगितलेले नाही. पुढील सत्राची विषयनोंदणी एप्रिलमध्ये झाली तेव्हा सेंद्रिय रसायनशास्त्राच्या चौकटीत तिने खूण केली, अर्ज माझ्याकडे पाठवला, आणि दुसऱ्या दिवशी निरोप धाडला की त्यावर अजून सही करू नका.